स्टार-डेल्टातले ३० अंश: या चुका टाळा

दोन ट्रान्सफॉर्मर. दोन्ही ११०००/४०० व्होल्ट, केव्हीए (क्षमता) तेवढेच, इम्पिडन्स (आतला अडथळा) ५ टक्के. एकाच्या नेमप्लेटवर व्हेक्टर ग्रुप, म्हणजे जोडणी आणि कोनाचा कोड, डीवायएन११ (एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेज बाजू डेल्टा, एलव्ही म्हणजे लो व्होल्टेज बाजू स्टार आणि ३० अंश पुढे), दुसऱ्याच्या वायवायएन० (दोन्ही स्टार, कोन शून्य). व्होल्टमीटर दोन्हीकडे ४०० दाखवतो, म्हणून पॅरलल करायचे, म्हणजे एकत्र जोडून चालवायचे? अजिबात नको. मीटरला कोन दिसत नाही. ३० अंशांच्या फरकाने ब्रेकरच्या प्रत्येक पोलवर फेज व्होल्टेजच्या ०.५२ पट, म्हणजे सुमारे १२० व्होल्ट उभे असतात. ब्रेकर ऑन केला की लोड नसतानाही फुल लोडच्या पाचपट करंट दोघांत फिरतो. म्हणून आधी दोन्ही न्यूट्रल जोडा आणि उघड्या ब्रेकरच्या तिन्ही पोलवर व्होल्टेज मोजा. ते शून्याच्या जवळच हवे.

फेज अदलाबदल करून हे ३० अंश जात नाहीत. डीवायएन११ आणि डीवायएन१ (एलव्ही ३० अंश मागे) ही जोडी मात्र जुळते: एकाच्या एचव्हीचे दोन फेज बदला आणि एलव्हीचे त्याला अनुरूप दोन.

हा कोन लोडमुळे येतो, किंवा त्याने पॉवर फॅक्टर बिघडतो, हा गैरसमजही सोडा. कोअरच्या एकाच लिंबवरच्या (खांबावरच्या) दोन वाइंडिंगची व्होल्टेज एका फेजमध्येच असतात. डेल्टाचे वाइंडिंग दोन लाइनींमध्ये बसते, स्टारचे लाइन आणि न्यूट्रलमध्ये. फरक या जोडणीतून येतो आणि नो-लोडलाही तेवढाच राहतो.

नेमप्लेट पुसट असेल तर अंदाज बांधू नका, टेस्ट करा. एचव्हीचा ए आणि एलव्हीचा ए जोडा आणि एचव्हीला ४०० व्होल्ट थ्री-फेज द्या. एलव्हीला कधीच नाही, नाहीतर एचव्ही टर्मिनलवर ११००० उभे राहतील! आता एचव्ही बी पासून एलव्हीच्या बी आणि सी पर्यंत मोजा. दोन्ही सुमारे ३८७ आले, आणि एचव्ही सी पासून एलव्ही सी ३८७ पण एलव्ही बी ४०० आले, तर डीवायएन११. डीवायएन१ मध्ये उलट: एचव्ही सी कडची दोन्ही रीडिंग सारखी. सगळा निकाल १३ व्होल्टांवर ठरतो, त्यामुळे सप्लाय हलत असेल तर रीडिंग पुन्हा घ्या.

डिफरन्शियल रिले (दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करणारे संरक्षण) लोड चढताच ट्रिप होत असेल, तर ट्रान्सफॉर्मर उघडण्याआधी रिलेतली व्हेक्टर ग्रुपची सेटिंग आणि सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी पाहा. न्यूमेरिकल (डिजिटल) रिले हा कोन स्वतः भरून काढतो, पण ११ च्या जागी १ भरला असेल तर उलट्या बाजूला.