कंट्री रॉकच्या उगमाची श्रवणबैठक कशी मांडावी

कंट्री रॉक म्हणजे अमेरिकेतले ग्रामीण वळणाचे कंट्री संगीत आणि रॉक यांचा मिलाफ. सीमाभागातील पुष्कळ श्रोत्यांची त्याच्याशी ओळख ईगल्स या अमेरिकी गटाच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'पासून सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. ते गाणे १९७६ सालच्या संग्रहातले असून, तोवर या प्रवाहाची जडणघडण केव्हाच पुरी झाली होती. बेळगावातल्या एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात किंवा खानापूर, निपाणीकडच्या घरच्या सोप्यात दहा-पंधरा जण जमणार असतील, तर ही जडणघडण दोन-अडीच तासांत कानांनी पडताळता येते. त्यासाठी गाणी सालवार न लावता जोडीने लावावीत: आधी कंट्री गायकाचे मूळ गाणे आणि लगेच रॉकवाल्यांनी केलेला त्याचा अवतार. सालवार यादीत फक्त नावे लक्षात राहतात, जोडीत मात्र नेमके काय बदलले ते ऐकू येते.

बैठक शक्यतो पावसाळ्यात ठेवू नये. खानापूरकडे पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तारांचे बारीक आवाज हमखास बुडतात, आणि या संगीतातले निम्मे मर्म त्या आवाजांतच आहे. खिशात मावणाऱ्या स्पीकरवर भागवू नये. दोन बाजूंना दोन स्पीकर असलेला साधा संच पुरेसा आहे. भजनी मंडळातला एखादा तबलजी आवर्जून बोलवावा. त्याचे काम पहिल्याच जोडीला पडते.

ही पहिली जोडी म्हणजे 'ब्लू मून ऑफ केंटकी'. ब्लूग्रास या तंतुवाद्यप्रधान कंट्री शैलीचे प्रवर्तक बिल मन्रो यांनी १९४६ साली हे गाणे वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन-तीनच्या लयीत ध्वनिमुद्रित केले. त्यावर दादरा सहज बसतो. १९५४ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी एल्विस प्रेस्लीने तेच गाणे चारच्या लयीत, धावत्या चालीने म्हटले, आणि तिथे तबलजीला दादरा सोडून केरवा धरावा लागतो. विशेष म्हणजे एल्विसच्या मुद्रणात ड्रम नाहीतच; बिल ब्लॅक डबल बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटतो आणि तोच खटका ठेक्याचे काम करतो. मूळ आणि अवतार एकापाठोपाठ लावावेत, तबलजीला दोन्हींवर हात चालवू द्यावा आणि भाष्य नंतर करावे. याला रॉकाबिली म्हणतात, कंट्री रॉक नव्हे. पण दोन्ही घराण्यांचा पहिला ठळक सांधा इथेच ऐकू येतो.

त्यानंतर कॅलिफोर्नियाकडे वळावे. १९३०च्या दशकातील दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी यांमुळे ओक्लाहोमा, टेक्सस या भागांतून हजारो कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली आणि सोबत आपले गाणेही घेऊन गेली. बेकर्सफील्डच्या गजबजलेल्या दारूगुत्त्यांत ते ऐकू जावे म्हणून वादकांनी टेलिकास्टर ही विजेची गिटार आणि ठसठशीत ड्रम जवळ केले, त्याच सुमारास नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या मुख्य केंद्रात मात्र कंट्रीला व्हायोलिनच्या ताफ्याने गुळगुळीत केले जात होते. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड ही बेकर्सफील्डची दोन मोठी नावे. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चाली मराठी रंगभूमीवर आणल्या हे जाणणाऱ्या आपल्या भागातील श्रोत्याला, चाल माणसांबरोबर प्रांत ओलांडते याचे फारसे नवल वाटू नये. इथली जोडी सोपी आहे: ओवेन्सचे १९६३चे 'ॲक्ट नॅचरली' आणि १९६५ साली बीटल्ससाठी रिंगो स्टारने गायलेले तेच गाणे. फरक फार नाही, म्हणून यावर रेंगाळू नये.

आता मुख्य भाग, म्हणजे बर्ड्स या रॉक गटाचा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा ऑगस्ट १९६८चा संग्रह. तो लावण्यापूर्वी पेडल स्टील या वाद्याची ओळख करून द्यावी. पायांवर उभ्या असलेल्या, टेबलासारख्या या वाद्याला सहसा दहा तारा असतात; डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकतो, उजवा हात तारा छेडतो, आणि पायांखालची पेडले व गुडघ्याजवळच्या कळा ठरावीक तारांचा ताण सूर चालू असतानाच बदलतात. जुन्या सिनेगीतांच्या रेकॉर्डींवरील हवाईयन गिटार आपल्याकडे अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यात दांडा सरकला की त्याखालचे सगळे सूर एकत्र सरकतात. पेडल स्टीलमध्ये एक सूर जागीच थांबतो आणि शेजारचा मींड घेऊन त्याला भेटायला येतो. 'हिकरी विंड' या गाण्यात लॉइड ग्रीनचे वादन एवढ्यासाठीच ऐकावे. पहिल्या खेपेला शब्दांकडे दुर्लक्ष झाले तरी चालेल.

हे गाणे लिहिण्यात ज्याचा वाटा होता आणि ज्याने ते गायले, तो ग्रॅम पार्सन्स जॉर्जियात वाढलेला, हार्वर्डमध्ये जेमतेम एक सत्र काढलेला तरुण. मार्च १९६८मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात जाहीर झालेले हॅगर्डचे गाणे बाजूला ठेवून त्याने हेच म्हटले आणि यजमानांचा रोष ओढवून घेतला. या संग्रहातून 'द ख्रिश्चन लाइफ'चीही जोडी लावावी: लूव्हिन बंधूंचे मूळ भक्तिगीत आणि बर्ड्सचा रॉजर मॅग्विन गातो ते. काही गाण्यांतला पार्सन्सचा आवाज पुसून मॅग्विनचा घालण्यात आला, त्याला पार्सन्सच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या कराराचा वाद कारण झाला असे सांगितले जाते. पार्सन्सच्या आवाजातील मुद्रणे १९९० साली बाहेर आली, तीही मिळाल्यास लावावीत. माझ्या मते मॅग्विनच्या गाण्यात भाविकतेपेक्षा नक्कल अधिक आहे. बैठकीत यावर वाद झाला तर होऊ द्यावा.

पार्सन्स आणि बर्ड्समधलाच ख्रिस हिलमन यांनी पुढे उभ्या केलेल्या फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या गटाचा १९६९चा पहिला संग्रह घेताना पुन्हा पेडल स्टीलकडेच कान ठेवावा. स्नीकी पीट क्लाइनोने त्याला फझ हे आवाज फाडणारे उपकरण जोडून आवाज मुद्दाम खरखरीत केला आहे. ज्या वाद्याने नॅशव्हिलमध्ये गळा काढायचा, ते इथे रॉक गिटारीसारखे गुरगुरते. पोको हा गट, गायक मायकेल नेस्मिथ आणि बॉब डिलनचा 'नॅशव्हिल स्कायलाइन' हा संग्रह यांचे एकेक गाणे पुरे.

शेवटी ईगल्सचा १९७२चा पहिला संग्रह लावावा आणि वादक कोठून आले ते सांगावे: बर्नी लेडन बरिटोंमधून, रँडी माइझनर पोकोमधून, आणि ईगल्सचे मूळचे चौघेही १९७१ साली गायिका लिंडा रॉन्स्टॅट हिच्या साथीला वाजवलेले. पार्सन्सने गायिका एमिलू हॅरिससोबत केलेले दोन संग्रह मात्र याच बैठकीत कोंबू नयेत. तो १९७३ साली सव्विसाव्या वर्षी वारला, आणि त्या गाण्यांना स्वतंत्र संध्याकाळ हवी.