अंगणातला स्विमिंग पूल बुजवताय? या चुका टाळा

"पूल पाडायचा आहे," असं मी फोनवर म्हटलं तेव्हा पलीकडचा कंत्राटदार जरा थबकला. मग म्हणाला, "मॅडम, चांदणी चौकातला तर कधीच पाडला की!" पुण्यात बावधनच्या माणसाला पूल म्हटलं की रस्त्यावरचा तोच आठवणार. आमचा पोहण्याचा होता, बंगल्यामागचा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजूला तीन फूट आणि खोल बाजूला सहा. मुलं घरात होती तोवर त्यात दंगा असायचा. ती परदेशी गेल्यावर राहिलं ते क्लोरीन, पंपाचं बिल आणि पाचोळा. शेवटी बुजवला. आणि पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा उकरला, कारण पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकली होती.

इंटरनेटवर याची जी कृती सापडते ती अशी: तळाला भोकं पाडा, भिंतींचा वरचा भाग फोडा, खड्डा भरा, वर हिरवळ लावा. आम्हीही तीच वाचून कामाला लागलो होतो. पुण्याच्या कातळाला ती कृती माहीत नाही.

वैतागून निर्णय घेणं

दर आठवड्याला पाणी भरावं लागतं, म्हणून पूल फुटलाय असं धरून चालू नका. उन्हाळ्यात पुण्याचं कोरडं ऊन रोज अर्धा-पाऊण सेंटिमीटर पाणी सहज पितं. साधी बादलीची चाचणी करा. बादली पाण्यानं भरून पुलाच्या पायरीवर ठेवा, बादलीतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करा आणि पंप बंद ठेवून २४ तास थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. मग हेच पंप चालू ठेवून करा. पंप चालू असतानाच पाणी जास्त उतरत असेल तर दोष पायपात आहे, आणि पाइप बदलणं हे पूल पाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरा पर्याय साठवण टाकीचा. शंभर चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानं ७०,००० लिटर होतात. गळालं-सांडलं वगळून ५५,००० धरा. आमच्या पुलात मावतं साधारण ४५,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेचार खेपा. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाणेर-बावधनच्या माणसाला हा आकडा मोह घालणारच. पण टाकी करायची तर वर पक्का स्लॅब हवा, चार मीटरच्या रुंदीला मध्ये बीम हवेत, आणि जुन्या भिंती तो भार घेतील का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच सांगावं. आम्ही खर्च ऐकून मागे फिरलो. तुम्ही निदान विचारून तरी बघा.

"सध्या नुसता रिकामा ठेवू, बघू पुढे" हा मात्र पर्याय नव्हे. तळाशी पावसाचं वीतभर पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तसंच स्वच्छ, स्थिर पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेची नोटीस येते ती वेगळीच. गप्पी मासे सोडून थोडा काळ निभतो, पण कठडा नसलेल्या हिरव्या पाण्याशेजारी नातवंडं खेळताना ज्यानं पाहिलीत त्याला हे पटवायला नको.

पावसाळ्यात उपसणं

आमच्या शेजाऱ्यांनी सुचवलं होतं, "जुलैत करा, तेव्हा कामगार मोकळे असतात." बरं झालं, ऐकलं नाही. रिकामा पूल म्हणजे जमिनीत रुतवलेली होडी. भिंती आणि तळ आठ इंची काँक्रीटचे धरले तर आमच्या पुलाचं वजन सुमारे ३३ टन होतं. बाहेरच्या मातीत पाणी काठापर्यंत चढलं तर त्याचा वर ढकलणारा जोर होतो जवळपास ५९ टन. आत पाणी असतं तोवर त्याचे ४५ टन वरून दाबून धरतात. ते उपसलं की तळ फुगतो, चिरतो, कधी अख्खा सांगाडाच एका बाजूनं उचलला जातो, आणि सोबत शेजारच्या फरशा आणि पाइप ओढतो. भूजल सगळ्यात खाली असतं ते मार्च ते मे. पाडकाम आणि भरणी त्याच काळात उरका, निदान मेच्या मध्यापर्यंत.

उपसण्याआधी आठवडाभर क्लोरीन बंद ठेवा म्हणजे ते उन्हात उडून जातं. लगेच झाडांना घातलंत तर पानं करपतील. आणि पंपाच्या खोलीत उरलेली क्लोरीनची पावडर आणि आम्लाचे कॅन एकाच पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊ नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू तयार होतो. आमच्या माळ्यानं ती पावडर आणि आम्ल एकाच घमेल्यात ठेवलं होतं. मी पाहिलं म्हणून बरं.

"भोकं पाडली की पाणी जातं"

ही आमची सगळ्यात महाग चूक.

बावधन, पाषाण, बाणेर या टेकड्यांच्या पायथ्याशी दोन-तीन फूट माती आणि मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. आमच्या पुलाचा खड्डा ब्रेकर लावून कातळात कोरलेला होता. म्हणजे काँक्रीटचं भांडं एका दगडी भांड्यात बसवलेलं. आतल्या भांड्याला भोकं पाडली तरी बाहेरच्या भांड्याला तळ आहेच! टेकडीवरून मुरवणीचं पाणी येत राहतं, आणि जायला वाट नसते. पहिल्या भरणीनंतर ऑगस्टमध्ये आमची हिरवळ पावलाखाली थुलथुलायची. चप्पल काढताना पचाक असा आवाज यायचा.

मुरूम टाकण्याआधी हे तपासता येतं, आणि फुकटात. सगळ्यात खोल भागात फूट-फूट रुंदीची भोकं तीन-चार फुटांवर पाडा, मग तळात फूटभर पाणी सोडा आणि भिंतीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी पाणी गेलेलं असेल तर नशीबवान आहात. आमचं २४ तासांत बोटभर उतरलं. ही चाचणी आम्ही दुसऱ्या वेळी केली, हेच ते दुःख.

पाणी जात नसेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. आमचं मागचं अंगण रस्त्यापेक्षा सात-आठ फूट उंच आहे, म्हणून तळावर फूटभर खडी, खडीत भोकं पाडलेला चार इंची पाइप, आणि तो उतारानं पुढच्या पावसाळी गटारापर्यंत, असं जमलं. खडीवर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, नाहीतर मुरमाची माती झिरपून दोन वर्षांत खडी चोंदते. प्लॉट सपाट असेल तर भूजलाच्या जाणकाराला दाखवा. कधी पुनर्भरणाच्या बोअरमध्ये हे पाणी सोडता येतं, कधी नाही.

काहीही ओतून खड्डा भरणं

पहिल्या कंत्राटदारानं एका दुपारी जेसीबीनं सगळा मुरूम ढकलला आणि वरून दोन फेऱ्या मारल्या. मी विचारलं, "असाच बसेल का हा?" ऑपरेटर म्हणाला, "काकू, पावसानं आपोआप बसतोय." बसला. नऊ इंच. खोल बाजूला जास्त, उथळ बाजूला कमी, त्यामुळे वरच्या पायवाटेची फरशी मधोमध तडकली.

जेसीबीचं चाक वरचा फूटभरच दाबतं. मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरात टाकायचा, पाणी मारायचं, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा धुम्मस फिरवायचा, मगच पुढचा थर. ४५ घनमीटर म्हणजे सुमारे १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), पण ठोकल्यावर माल आकसतो, तेव्हा २० ब्रासचा अंदाज धरा. मुरूम गौण खनिजात येतो. गाडीबरोबर रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर तहसीलच्या पथकानं गाडी अडवली की तुमच्या गेटसमोरच तमाशा. स्वस्तात कुणी काळी माती देत असेल तर नको म्हणा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची प्रत्येक गोष्ट तिच्याबरोबर वरखाली होते. वरच्या दीड-दोन फुटांत पोयटा आणि शेणखत, तिथे मुरूम नको.

फोडलेल्या काँक्रीटचे वीतभर तुकडे तळात चालतात. फरशा, प्लास्टिकचे पाइप, लाकूड चालत नाही, कारण ते कुजतं किंवा पोकळी ठेवतं. उरलेला राडारोडा रात्री टेकडीवर किंवा नदीकाठी टाकणारे भेटतात, अगदी आनंदानं भेटतात. नियमांप्रमाणे तो कचरा ज्याचा त्याची जबाबदारी, आणि वाघोलीला पालिकेचा त्यावरचा प्रकल्प आहे. गाडी तिथेच गेल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

बाकीच्या लहान गोष्टी

दर ठरवताना आत लोखंड किती आहे हे विचारा. चांदणी चौकातला तो पूल २ ऑक्टोबर २०२२ ला ६०० किलो स्फोटकांनी उडवला, तरी तो सगळा पडला नव्हता, कारण अंदाजापेक्षा सळ्या जास्त निघाल्या. उरलेला यंत्रांनी तोडला. आमच्या पुलातही दुहेरी जाळी निघाली आणि दोन दिवसांचं काम पाचावर गेलं. सळ्यांचं भंगार कोणाचं, तेही कागदावर हवं.

पाण्याखालच्या दिव्यांची वायर नुसतं बटण बंद करून तोडू नका. वायरमननं मुख्य बोर्डातूनच ती काढायला हवी. पूल घराच्या किंवा शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून असेल तर त्या बाजूची पुलाची भिंत तशीच ठेवा, मातीला तिचाच आधार असतो. भरणीवर खोली बांधायचा विचार असेल तर पाया कातळापर्यंत न्यावा लागेल. नुसत्या भरणीवर बागच शोभते, आणि तीही एक पावसाळा गेल्यावर लावलेली. पूल मंजूर नकाशात असेल तर आर्किटेक्टला आधी विचारा. भरताना टेप धरून फोटो काढा आणि बंगल्याच्या कागदांत ठेवा, उद्या घर घेणाऱ्याला ते दाखवावेच लागतील.

आणि भरणीच्या खोल कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा एक उभा पाइप ठेवा, वर झाकण. दर ऑगस्टमध्ये त्यात काठी सोडली की खाली पाणी तुंबलंय की नाही, लगेच कळतं. त्या झाकणावर कुंडी मात्र ठेवू नका. आमच्याकडे शेवंतीची आहे, आणि ती हलवायला माळी दर वेळी कंटाळतो.