योगशिक्षक व्हायचंय? मग तुमचा स्वतःचा सराव कुठे ठेवणार?

प्रमाणपत्र मिळतं. त्याची काळजी सोडा. नियमित वर्गाला जाणारा आणि पाठ टाचणं, म्हणजे वर्ग कसा घ्यायचा याची टिपणं, वेळेवर लिहिणारा माणूस योगशिक्षकाच्या परीक्षेत सहसा नापास होत नाही. त्यामुळे यम-नियम कोणते, षट्क्रिया कोणत्या, हे मी इथे सांगत बसत नाही. ते तुम्हाला पाठ असेल, नाहीतर होईल. मला बोलायचंय ते पास झाल्यानंतरच्या काळाबद्दल. त्याबद्दल कोर्समध्ये माझ्याशी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

कागदांचं आधी उरकून टाकते. जाहिरातींत ‘२०० तास’ हा आकडा सगळीकडे दिसेल, आणि तो दोन वेगळ्या गोष्टींचा असतो. एक अमेरिकेतल्या योगा अलायन्सचा. ती नोंदणी करणारी संस्था आहे. शाळा तिच्याकडे नोंद करते आणि त्या शाळेतून शिकलेला शिक्षक दरवर्षी शुल्क भरून आपलं नाव यादीत ठेवतो. ती स्वतः तुमची परीक्षा घेत नाही. दुसरा आकडा आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचा. तिथेही पहिल्या पातळीला, म्हणजे योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरला, २०० तास धरलेत, पण लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा तुम्हालाच द्यावी लागते. परदेशी जायचं असेल किंवा गोव्यात पर्यटकांना शिकवायचं असेल तर पहिल्याची विचारणा होते. इथल्या शाळा आणि सरकारी उपक्रमांत दुसऱ्याला वजन. आमच्या डोंबिवलीत सोसायटीच्या हॉलमध्ये येणाऱ्या काकूंना दोन्हींशी देणंघेणं नसतं. त्या विचारतात, “ताई, माझा गुडघा दुखायचा थांबेल ना?”

कुठून शिकायचं? आपल्याकडे पर्याय दांडगे आहेत आणि तरी लोक ऋषिकेशच्या महिनाभराच्या पॅकेजकडे धावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलं, आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला त्यांनी तेव्हाच सुरुवात केली. शरीरशास्त्राची भीती वाटणाऱ्याने उलट तिथेच जावं. पुण्यात अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. त्या पद्धतीत शिक्षक व्हायला एका ज्येष्ठ शिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढावी लागतात, म्हणून घाई असलेले तिकडे फिरकत नाहीत. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, नाशकात योगविद्या गुरुकुल. नोकरी सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका आहे. महिनाभरात २०० तास म्हणजे रोज जवळजवळ सात तास. तेवढं शरीरात मुरत नाही, नुसतं वहीत उतरतं. पण तुम्ही तसा कोर्स करून बसला असाल तर रडू नका. वही जपून ठेवा आणि आता एखाद्या नेहमीच्या वर्गात साधक म्हणून जायला लागा. मुरायला उशिरा सुरुवात झाली, इतकंच.

आता मुख्य गोष्ट. शिकवणं म्हणजे सराव नव्हे.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण सकाळी सहाची बॅच, मग सातची, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांची, असा दिवस सुरू झाला की मनात हिशोब होतो: तीन तास आसनंच तर करतेय, वेगळा सराव कशाला? हा हिशोब चुकीचा आहे. का, ते जरा पाल्हाळ लावूनच सांगते, कारण मी ज्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागले तिथल्या बहुतेक नव्या शिक्षकांना काही ना काही दुखणं जडलं, आणि प्रत्येक जण समजत होता की आपलंच कुठेतरी चुकतंय.

पहिलं, बाजू. वर्गाकडे तोंड करून दाखवताना आपण आरशासारखं दाखवतो. तोंडाने ‘उजवा पाय’ आणि उचलायचा डावा. हे जमायला वेळ लागतो, पण जमतं. पुढे काय होतं ते बघा. वक्रासन तुम्ही पहिल्या बाजूने पूर्ण करून दाखवता. दुसऱ्या बाजूला ‘आता हेच उलट’ म्हणता आणि उठून दुरुस्त्या करायला फिरता. त्रिकोणासनात तेच, अर्धमत्स्येंद्रासनात तेच. रोज, प्रत्येक बॅचला, तुमच्या शरीराची एकच बाजू पिळली जाते. साधकांचा समतोल साधला जातो आणि तुमचा जातो.

दुसरं, थंड शरीर. साधक हालचाली, सूर्यनमस्कार असं करत करत पश्चिमोत्तानासनाशी येतात. तुम्ही मात्र हॉलभर हिंडत, कुणाची कंबर बघत, कुणाला लोड देत असता आणि अचानक खाली बसून अंतिम स्थिती दाखवता, तीही दिमाखात, कपाळ गुडघ्याला टेकवून. मांडीच्या मागचा स्नायू वर बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे माझं दुखणं सुरू झालं. खुर्चीवर बसलं की बोचायचं, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी उभी राहायचे. त्याची गंमत अशी की ताण दिला की क्षणभर बरं वाटतं, म्हणून आपण आणखी ताणतो आणि ते आणखी चिघळतं. फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही करून दाखवता कोणत्या बाजूने?” मग पुढे वाकणं बंद, आणि स्नायूला हळूहळू भार देणारे व्यायाम, कित्येक महिने. तुमच्यापैकी जे जन्मतः लवचीक आहेत त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. ताठ शरीराच्या माणसाला त्याचं शरीर वेळीच अडवतं, लवचीक माणसाला अडवत नाही.

तिसरं, श्वास. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. बोलताना श्वास बाहेरच पडतो. म्हणजे भुजंगासनात वर उठत तुम्ही ‘श्वास घेत घेत वर या’ म्हणता, तेव्हा तुम्ही स्वतः श्वास सोडत असता. वर्गाला सांगता त्याच्या बरोबर उलट करत असता, दिवसातून कितीतरी वेळा. वाक्य संपवायच्या नादात श्वास कोंडतो तो वेगळाच. वर्ग संपल्यावर साधकांचे चेहरे निवलेले आणि शिक्षिकेचं डोकं ठणकतंय, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

चौथं, मान. सर्वांगासन करून दाखवताना मान वळवून वर्गाकडे बघू नका. नका म्हणजे नकाच. शरीराचा भार खांद्यांवर आणि मानेच्या मागे असताना मान फिरवली की मणक्यांवर वाकडा ताण येतो. साधकांना हे आपण दहादा बजावतो आणि मग कोपऱ्यातले काका काय करताहेत ते बघायला स्वतःच मान वळवतो. शलभासनात हनुवटी टेकलेली हवी, तिथेही हेच.

आणि शेवटी शवासन. तुम्ही ते देता, घेत नाही. मांडी घालून, एक डोळा घड्याळावर ठेवून, ‘पायाची बोटं सैल सोडा’ म्हणत बसता. दिवसभरात तुमच्या वाट्याला आसनांचे सगळे त्रास येतात आणि आसनांनंतरची विश्रांती येत नाही. पतंजलींनी आसनाला स्थिर आणि सुख हे दोनच शब्द दिलेत. करून दाखवण्यात स्थिर राहायला वेळ नसतो, आणि सुखाचं वर सांगितलंच.

मग करायचं काय? दाखवणं आणि सांगणं वेगळं करा. आधी गप्प राहून एकदा दाखवा, ‘फक्त बघा’ म्हणून, अगदी थोडा वेळ. मग उभ्या राहा आणि फक्त सूचना द्या. पूर्वस्थिती, हालचाल, अंतिम स्थिती, आसन सोडणं, या क्रमाने सूचना पाठ असतील तर अंग हलवायची गरज निम्म्याने कमी होते. कोर्समध्ये पाठ टाचण लिहायला लावतात ते यासाठी, पण आम्हाला तेव्हा ती कारकुनी वाटायची. वर्गात एखादा चांगला साधक असेल तर त्याला पुढे बोलवा. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी, असा नियमच करून टाका. उजव्या-डाव्याचा आठवडाभर घोळ होईल, साधक हसतील. हसू द्या.

आणि स्वतःच्या सरावाची वेळ बॅचच्या आधी ठरवा, उरलेल्या वेळात नव्हे. पहाटेची वेळ बॅचने खाल्ली असेल तर दुपारी जेवणानंतर चार तास सोडून करा. दार बंद, फोन बाहेर. त्या सरावात पुढच्या वर्गाचे विचार यायला लागतील. ‘हे उद्या असं सांगता येईल’ असं मनात आलं की समजा, तुम्ही पुन्हा शिकवताय. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणाच्या वर्गात मागच्या रांगेत चटई टाकून बसा. शिक्षिका झाल्यावर साधक म्हणून बसायला लाज वाटते, ती पहिल्या शवासनात जाते.

मार्गदर्शकाबद्दल माझी मतं टोकाची आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. जो स्वतः अजून सराव करतो त्याच्याकडेच शिका. भिंतीवर किती हार घातलेले फोटो आहेत ते बघू नका. तुमचा पाठ चालू असताना तो मागे बसून बघतो का, की तुम्हाला बॅच सोपवून फोनवर जातो? चुका वर्गासमोर काढतो की नंतर बाजूला घेऊन? ‘सेवा’ या शब्दाखाली वर्ष-वर्ष फुकट बॅचेस घ्यायला लावणारे स्टुडिओ मी पाहिलेत. निरीक्षण करा, मदतनीस व्हा, मग सूर्यनमस्कारापुरता भाग घ्या, हे सगळं विनामोबदला ठीक. ज्या दिवशी पूर्ण बॅच एकटीने घ्याल त्या दिवसापासून पैसे. तोंडाने मागवत नसेल तर मेसेज करून मागा, पण मागा. पैसे तासावर की फीच्या टक्क्यावर, आणि तुम्ही आजारी पडलात तर बदली शिक्षक कोण शोधणार, हे दोन्ही आधीच विचारून घ्या. जडलेल्या दुखण्यावर बॅच घेत राहावं लागतं ते बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न विचारल्यामुळे.

साधकांच्या दुखण्यांबाबत मात्र शॉर्टकट नाही. वर्गात घेण्याआधी फॉर्म भरून घ्या आणि तो वाचा. रक्तदाब जास्त असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काही नको. हर्नियाला कपालभाती नको. मणक्याची गादी सरकलेल्याला पुढे वाकायला लावू नका. गुडघा बदललेल्या आजींना वज्रासनाचा आग्रह धरू नका, खुर्ची द्या, प्राणायाम खुर्चीवरही होतो. ‘थांबेल का’ या प्रश्नाला ‘डॉक्टरांना विचारून या’ हे उत्तर द्यायला लाजू नका. हात लावून दुरुस्ती करण्याआधी विचारा. मी तर पहिलं वर्ष हात लावूच नका म्हणेन. शब्दांनी दुरुस्ती जमली नाही तर सूचना कच्ची आहे.

हे वाचून घाबरला असाल तर ऐका: ज्यांचे तळवे जमिनीला टेकत नाहीत, ज्यांना पद्मासन लागत नाही, असे लोक फार चांगले शिक्षक होतात. त्यांना करून दाखवायचा मोह कमी असतो, आणि अडतं कुठे हे त्यांना शरीराने माहीत असतं. आमच्या तुकडीतला सगळ्यात ताठ माणूस आज सगळ्यात भरलेली बॅच घेतो. पहिल्या पाठात त्याने ताडासनात वर्गाला टाचा उचलायला लावल्या आणि खाली आणायचं विसरला.

जूनबद्दल तेवढं सांगते, कारण नवख्यांची पहिली मोठी संधी तीच असते. २०१५ पासून २१ जूनला योग दिन साजरा होतो आणि मेअखेरपासून शाळा, बँका, ऐरोलीच्या कंपन्या फोन करायला लागतात. बहुतेकांना पंचेचाळीस मिनिटांचा कॉमन योग प्रोटोकॉल, म्हणजे योग दिनासाठी आयुष मंत्रालयाने ठरवून दिलेला आसन-प्राणायामांचा क्रम, हवा असतो आणि तो फुकट हवा असतो. एखाद्या ठिकाणी आनंदाने जा, ओळखी होतात. बाकीच्यांना मानधन सांगा. मैदानावर जाताना कॉलर माईक आहे का ते आधी विचारा. हातात माईक धरून आसन दाखवायला गेलं की एक हात अडकतो, आणि मानेत माईक पकडून भुजंगासन करणारे मी बघितलेत. कॉलर माईक नसेल तर जोडीला एक शिक्षक न्या. एकाने फक्त बोलायचं, दुसऱ्याने फक्त दाखवायचं, आणि उजवं कोणाचं धरायचं ते मंचावर चढण्याआधी ठरवून घ्यायचं.