रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीची जोडणी

शोभेच्या पट्टीतील प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दिवे असतात आणि प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ या पायऱ्यांत बदलून हवा तो रंग साधला जातो. प्रचलित डब्ल्यूएस२८१२बी पट्टीला ५ व्होल्ट लागतात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा जास्तीत जास्त सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणून ३० दिव्यांसाठी १.८ अँपिअरची तजवीज आधीच करावी. पट्टी लांब असल्यास दोन्ही टोकांना वीज द्यावी, अन्यथा दूरचे दिवे तांबूस दिसू लागतात.

पट्टीवर छापलेला बाण नीट पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण संदेश बाणाच्या दिशेनेच पुढे सरकतो आणि नियंत्रकाची (रंगांच्या आज्ञा पाठवणाऱ्या उपकरणाची) तार उलट्या टोकाला जोडली तर आज्ञा दिव्यांपर्यंत पोहोचतच नाही. नियंत्रक व वीजपुरवठा यांच्या ग्राउंडच्या (ऋण टोकाच्या) तारा एकत्र जोडाव्यात. हे राहून गेल्यास रंग विनाकारण लुकलुकतात. पट्टी केवळ तांब्याच्या ठिपक्यांमधील खुणेवरच कापावी. तेजस्विता एकतृतीयांश ठेवणे मला योग्य वाटते, कारण तेवढ्यात रंग खुलतात आणि पट्टीही फारशी तापत नाही.