आफ्रिका-आशियाचं साहित्य वाचताना माणसं कशावरून भांडतात ते बघा

मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे असेल, पण कुणी ‘मला आफ्रिकन साहित्य वाचायचंय’ म्हटलं की मी आधी विचारते, ‘कुठलं?’ आफ्रिकेत ५४ देश आहेत. एकट्या नायजेरियात ५०० हून जास्त भाषा बोलल्या जातात. आशियाचं तर विचारूच नका. म्हणून खंड निवडू नका, एक मुलूख निवडा आणि तिथे जरा मुक्काम करा. दहा देशांची दहा पुस्तकं भराभर वाचण्यापेक्षा एकाच समाजातली तीन वाचलीत तर पदरात खूप जास्त पडतं.

पुस्तक हातात घेतलं की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: गोष्ट कधी घडते, पुस्तक कधी आलं आणि ते कोणत्या भाषेत लिहिलं गेलं. सेनेगलच्या मारियामा बा फ्रेंचमध्ये लिहितात, सुदानचे तय्यिब सालिह अरबीत, नायजेरियाचे चिनुआ अचेबे इंग्रजीत. केनियाच्या न्गुगी वा थ्योंगो यांनी इंग्रजीत नाव कमावलं आणि मग ते आपल्या मातृभाषेकडे, गिकुयूकडे वळले. १९७८ साली खटल्याविना तुरुंगात असताना त्यांनी गिकुयू भाषेतली कादंबरी संडासच्या कागदावर लिहून काढली. कोण कुठल्या भाषेत लिहितो यामागे त्या मुलखावर कुणी राज्य केलं याचा इतिहास असतो. त्या इतिहासाचं एक-दोन पानी टिपण वाचून घ्या, त्याहून जास्त तयारी लागत नाही. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. प्रस्तावना लिहिणारे विद्वान अनेकदा वाचकाचं मत त्याच्या आधीच तयार करून ठेवतात.

सुरुवात छोट्या गोष्टीने करा. मी नेहमी लू शुन यांची ‘कोंग यीजी’ सुचवते. १९१९ सालची चिनी कथा, मोजकी पानं. गावातला दारूचा गुत्ता, आणि गोष्ट सांगतो तिथे लहान वयात कामाला लागलेला पोरगा. आखूड कपड्यातले कष्टकरी बाहेरच्या फळीपाशी उभ्याने पितात. लांब झगेवाले आत जाऊन, बसून, सावकाश पितात. आणि कोंग यीजी? लांब झगा घालून उभ्याने पिणारा तो एकटाच. शिकलेला, पण सरकारी अधिकारी होण्यासाठीची राजपरीक्षा कधी पास न झालेला. झगा मळलेला, फाटलेला, तरी अंगातून उतरवत नाही. बास, इथे थांबा. पहिल्या वाचनात एवढंच टिपा: कोण बसतं, कोण उभं राहतं, कोण हसतं, कोणाची उधारी आहे. शेवटी तो पाय मोडलेल्या अवस्थेत हातांवर सरकत गुत्त्यात येतो आणि मालक त्याला १९ नाण्यांच्या बाकीची आठवण करून देतो. शतकानुशतकं चाललेली ती परीक्षा १९०५ साली बंद झाली. परीक्षेने माणसाचं काय केलं, हे इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला इतकं अंगावर येणार नाही.

कोण कुठे बसतं हे बघायची सवय लागली की पुढची पायरी, आणि माझ्या मते हीच खरी. वहीत पान क्रमांकासमोर लिहीत जा: इथे कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि कशावरून. संस्कृती म्हणजे सगळ्यांचं एकमत, असं समजून वाचलं की आपण ‘त्या लोकांत असंच असतं’ म्हणून मोकळे होतो. आतले वाद दिसू लागले की माणसं दिसतात.

अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ घ्या. कादंबरी १९५८ ची, म्हणजे नायजेरिया स्वतंत्र होण्याच्या दोन वर्षं आधीची, आणि गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची, नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या गावांतली. खुनाची भरपाई म्हणून शेजारच्या गावाने दिलेला इकेमेफुना हा मुलगा तीन वर्षं नायक ओकोंक्वोच्या घरात राहतो, त्याला बाप म्हणू लागतो. मग देवाचा कौल येतो: मुलाला मारायचं. इथे घाईने पान उलटू नका. म्हातारा एझेउदू मुद्दाम घरी येऊन ओकोंक्वोला बजावतो की पोरगा तुला बाप म्हणतो, यात तू हात घालू नकोस. ओकोंक्वो तरीही जातो, आणि जीव वाचवायला आपल्याकडेच धावत आलेल्या पोरावर घाव घालतो, कारण लोक आपल्याला दुबळा म्हणतील ही भीती. ओबिएरिका हा त्याचा मित्र मात्र गेलेलाच नसतो. त्याचं म्हणणं, मी कौलाला विरोध करणार नाही, पण ते काम माझ्या हातून होणार नाही. एकच गाव, एकच देव, आणि तीन माणसांच्या तीन वाटा. हाच ओबिएरिका पुढे रिवाजाप्रमाणे टाकून दिलेल्या आपल्या जुळ्या मुलांची आठवण काढून विचारात पडतो की त्यांचा काय गुन्हा होता.

परक्या पुस्तकातली एखादी रीत वाचून अंगावर काटा आला तर तो दाबू नका, आणि निवाडाही देऊन टाकू नका. त्याच पुस्तकात ती रीत आधीच कोणाला सलते आहे ते शोधा. बहुतेक वेळा सापडतं.

मग त्याच मुलखातलं दुसरं पुस्तक उचला, शक्यतो बाईने लिहिलेलं. फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ १९६६ सालची. नायिका व्यापारात हुशार, लोकांत मान असलेली, पण एकुलती मुलगी दगावते आणि पुन्हा मूल होत नाही. सरोवराची देवी तिला आपली भक्त म्हणून निवडते, आणि त्या देवीला स्वतःलाच मूल नाही. कादंबरीच्या शेवटी प्रश्न उरतो की मग बायका तिला का पूजतात. बुची एमेचेटा यांनी त्याच शेवटातून आपल्या १९७९ च्या कादंबरीचं नाव उचललं, ‘द जॉइज ऑफ मदरहूड’. त्यांची न्नू एगो मुलांसाठी आयुष्य झिजवते आणि शेवटी रस्त्याच्या कडेला एकटी मरते, हात धरायला एकही मूल जवळ नसतं. ही तीन पुस्तकं ओळीने वाचा. इग्बो समाजाने वीसेक वर्षं स्वतःशी घातलेला वाद तुमच्यासमोर उलगडेल, आणि हे वाद घालणारे सगळे घरचेच लोक आहेत. ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ ही माला १९६२ साली सुरू झाली, तिचे पहिले संपादकीय सल्लागार अचेबेच होते. जुन्या ग्रंथालयांत या मालेच्या प्रती मिळतात, विचारून बघा.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’. १९७९ सालची, शंभरेक पानांची. नवरा वारल्यानंतर मुस्लिम रिवाजाप्रमाणे चार महिने दहा दिवस घरात राहण्याच्या काळात रामातुलाय आपल्या ऐसातू या मैत्रिणीला पत्र लिहिते. दोघींच्याही नवऱ्यांनी दुसरं लग्न केलेलं. ऐसातू नवऱ्याला सोडून निघून गेली, रामातुलाय राहिली. लेखिका दोघींपैकी कोणालाही चूक ठरवत नाही. मला हे पुस्तक फार प्रिय आहे. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, एक जाण्याच्या बाजूची कारणं खुणावायला, एक राहण्याच्या.

नाटक असेल तर मोठ्याने, चार जणांत भूमिका वाटून वाचा. नायजेरियाच्या वोले शोयिंका यांचं ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ (१९७५) मुकाट्याने वाचलं तर निम्मं हरवतं. राजाच्या मागोमाग मरण पत्करणं हे ज्याचं कर्तव्य, त्या एलेसिनला ब्रिटिश अधिकारी अडवतो. १९४० च्या दशकात नायजेरियातल्या ओयो इथे घडलेल्या घटनेवर ते बेतलं आहे. प्रस्तावना शेवटी वाचा असं मी वर म्हटलं, पण इथे लेखकाची टीप आधी वाचा. याला दोन संस्कृतींचा झगडा समजू नका, असं शोयिंका तिथे बजावतात. त्यांच्या मते तो अधिकारी केवळ निमित्त आहे. तेव्हा वाचताना लक्ष एलेसिनवर ठेवा: अधिकारी येण्याआधीच त्याचं मन जगण्यात कसं गुंतत जातं, ते कोणत्या वाक्यांत दिसतं?

एवढं झालं की मोठ्या कामाला हात घाला. इजिप्तच्या नगीब महफूझ यांची कैरोची कादंबरी-त्रयी १९५६-५७ मध्ये आली. एकाच घराच्या तीन पिढ्या त्यात आहेत. नावं पुष्कळ, म्हणून वंशवेलीचा कागद करून पुस्तकात ठेवा. पहिल्या भागात आमिनावर नजर ठेवा. नवरा गावाला गेलेला असताना ती मुलांच्या आग्रहाने मशिदीत दर्शनाला जाते, परतताना मोटारीचा धक्का लागतो, आणि घराबाहेर पाऊल टाकलं म्हणून नवरा तिला माहेरी पाठवतो. त्यावर घरातला प्रत्येक जण काय बोलतो, कोण गप्प बसतो आणि कोण मध्ये पडतो, ते नावासमोर लिहून ठेवा. तिसऱ्या भागात तोच कागद पुन्हा काढून बघायचाय.