जुना डेस्कटॉप बदलताना : खानदेशातील दुकाने, आडती आणि कार्यालयांसाठी

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या दुकानांत आणि करसल्लागारांच्या कार्यालयांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप अजून चालू आहेत, त्यांना आता निर्णय घ्यावाच लागेल. मात्र नव्या संगणकाची किंमत विचारण्याआधी जुन्यावर नेमके कोणते काम चालते आणि ते कशाच्या आधारावर चालते, हे तपासावे, असा माझा आग्रह आहे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते; पाच वर्षांची खातेवही गेली तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

बदल खरोखर आवश्यक आहे का, हे प्रथम पाहावे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. प्रोसेसरच्या नावातील आकडा ४४६० असेल तर तो चौथ्या पिढीचा आणि १०४०० असेल तर दहाव्या पिढीचा समजावा. खात्री करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम वापरावा. यंत्र पात्र असूनही रेंगाळत असेल, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० ते १५० एमबी वाचते, तर साटा एसएसडी (फिरत्या चकत्या नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) ५०० एमबीच्या आसपास वाचते, आणि लहान लहान फायली शोधताना हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. अशा वेळी एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून काम भागते. नवा संगणक घेण्याचे कारण उरत नाही.

यंत्र पात्र नसेल, तर त्याच्या मागच्या बाजूला काय काय जोडलेले आहे याची यादी करावी. जिनिंगमध्ये किंवा आडतीवर वजनकाटा बहुधा नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडलेला असतो, आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टला. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर मागच्या बाजूला हे दोन्ही पोर्ट नसतात. काट्यासाठी यूएसबी कन्व्हर्टर सहसा चालतो, पण काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जो कॉम पोर्ट क्रमांक (विंडोज सिरियल पोर्टला देते तो क्रमांक) नोंदवलेला आहे, तोच नव्या विंडोजमध्ये द्यावा लागतो. प्रिंटरची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण यूएसबी-पॅरलल केबल विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते, एलपीटी-१ (पॅरलल पोर्टचे विंडोजमधील नाव) म्हणून नव्हे, आणि डॉस या विंडोजपूर्व प्रणालीमधून थेट छपाई करणारे जुने बिलिंग तिला ओळखत नाही. मुळात विंडोज ११ केवळ ६४-बिट असल्यामुळे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेले डॉस प्रोग्राम त्यावर थेट उघडतच नाहीत. असे बिलिंग वापरात असेल, तर त्याची सोय आधी लावावी आणि मगच पैसे मोजावेत.

लेखा आणि कार्यालयीन कामासाठी १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची) एसएसडी पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून तो केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जिनिंगच्या परिसरात रुईचे तंतू हवेत असतात. त्यामुळे पुढे जाळी आणि काढून धुता येणारे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे आणि ते टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) नामांकित कंपनीचाच घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएसच्या बॅटरीचे वय विचारात घ्यावे. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक लिहून मागावा, म्हणजे पुढे वॉरंटीचा वाद होत नाही.

बदलाची वेळ धंदा पाहून ठरवावी. कृषी केंद्राने खरिपाच्या तोंडावर, कापूस व्यापाऱ्याने दसरा-दिवाळीच्या आवकेत आणि करसल्लागाराने मार्चअखेरीस किंवा जुलैत हे काम काढू नये.

माहिती हलवताना केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सवर थांबू नये. आउटलुकच्या ई-मेल साठवणाऱ्या पीएसटी फायली, ब्राउझरमधील पासवर्ड, टॅली या लेखा-सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर हे सहज राहून जातात. श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव हे युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरून टंकलिहिलेली मराठी पत्रे नव्या यंत्रावर फॉन्ट नसल्यास अर्थहीन रोमन अक्षरांसारखी दिसतात. म्हणून ते फॉन्टही सोबत न्यावेत. बॅकअप दोन स्वतंत्र डिस्कांवर घ्यावा. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून आधी सरेंडर करावा, म्हणजे तेथून मोकळा करावा, आणि मग नव्यावर सुरू करावा. त्यानंतर नव्या यंत्रावर प्रत्येक कंपनी उघडून शेवटच्या तारखेची रोख, बँक आणि देणेकऱ्यांची शिल्लक जुन्याशी ताडून पाहावी. फायली नुसत्या कॉपी झाल्या म्हणजे त्या शाबूत आहेत असे मानू नये. नव्या विंडोजमध्ये डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणे) आपोआप चालू झालेले असू शकते, म्हणून ते कुलूप उघडणारा क्रमांक, म्हणजे डिस्कची रिकव्हरी की, कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

जुना संगणक लगेच विकू नये. नव्या यंत्रावरून एक जीएसटी विवरणपत्र भरले जाईपर्यंत आणि एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तो इंटरनेटपासून तोडून बाजूला ठेवावा. नंतर त्याची हार्ड डिस्क काढून आपल्याकडेच ठेवावी. यंत्र डिस्कसह द्यायचेच असेल, तर संपूर्ण डिस्कवर पुन्हा लेखन करून ती पुसावी, कारण झटपट फॉरमॅटने माहिती नाहीशी होत नाही. उरलेला सांगाडा भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा त्याच्या संकलन केंद्रावर द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत हीच व्यवस्था आहे.