ब्रिटनमधला सरकारी नियम कायद्यात बसतो का, हे कसे तपासावे

ब्रिटिश संसद वर्षाला जेमतेम काही डझन अधिनियम मंजूर करते. त्याच वर्षात मंत्री मात्र हजाराहून जास्त नियम आणि आदेश काढतात. हेच प्रत्यायोजित विधिविधान. त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट, वकिलांच्या तोंडी ‘एसआय’. आपल्याकडे एलएलबीच्या प्रशासकीय कायद्याच्या पेपरासाठी मुले याचे फायदे-तोटे पाठ करतात आणि मोकळी होतात. पण एखादा एसआय समोर ठेवून तो उलगडायचा कसा, हे क्वचितच कुणी सांगते.

आधी हातातला कागद खरोखर एसआय आहे का, ते बघा. शीर्षकाजवळ वर्ष आणि क्रमांक असतो, उदाहरणार्थ २०२० चा क्रमांक ३५०. खात्याच्या संकेतस्थळावरची मार्गदर्शक सूचना म्हणजे एसआय नव्हे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंड झाला, तो एसआयने. त्याला दोन्ही सभागृहांची मंजुरी लागली. ज्या इमिग्रेशन रूल्सवर व्हिसा मिळतो किंवा नाकारला जातो, ते मात्र एसआय नाहीत. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याखाली गृहमंत्री बदलांचे निवेदन संसदेपुढे ठेवतात. ४० दिवसांत एखाद्या सभागृहाने नापसंतीचा ठराव केला नाही, तर ते तसेच चालू राहते.

एसआय उघडला की वरच्या तारखा वाचा: कधी केला, संसदेच्या पटलावर कधी ठेवला, अंमल कधीपासून. नुसत्या तारखाही बरेच बोलतात. इंग्लंडमधल्या पहिल्या कोविड टाळेबंदीचा नियम २६ मार्च २०२० रोजी दुपारी १ वाजता केला गेला आणि त्याच क्षणी लागू झाला. संसदेपुढे तो ठेवला गेला अडीच वाजता. म्हणजे लोक घरात कोंडले गेल्यावर दीड तासाने. तातडीच्या प्रसंगासाठी १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच ही वाट ठेवलेली होती.

यानंतरच्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. तारखांखाली एक रुक्ष परिच्छेद असतो: अमुक कायद्याच्या तमुक कलमाने दिलेला अधिकार वापरून मंत्री पुढील नियम करीत आहेत. लोक तो ओलांडून पुढे जातात. तुम्ही ते कलम काढा, सरकारच्या लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके या साइटवर ते फुकट मिळते, आणि चार गोष्टी शोधा. अधिकार कुणाला दिला आहे? कशासाठी? आधी कुणाशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे का? आणि खुद्द अधिनियमाचा मजकूर बदलण्याची मुभा आहे का? या शेवटच्या प्रकाराला ब्रिटनमध्ये ‘हेन्री द एट्थ’ अधिकार म्हणतात. त्या राजाच्या १५३९ च्या कायद्याने राजघोषणेला कायद्याचे बळ दिले होते, त्यावरून हे नाव पडले. असा अधिकार दिसला की कान टवकारा.

सल्लामसलतीची अट किरकोळ समजू नका. १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यात ती होती. शेतीसाठी प्रशिक्षण मंडळ नेमताना मंत्र्यांनी शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला विचारले. अळिंबी उत्पादकांच्या संघटनेला पाठवलेले पत्र मात्र पोहोचलेच नाही. १९७२ च्या एल्सबरी मशरूम्स खटल्यात न्यायालय म्हणाले, आदेश बाकी सगळ्यांना लागू, अळिंबीवाल्यांना नाही. पत्र पाठवण्याचा नुसता प्रयत्न म्हणजे सल्लामसलत नव्हे.

मग कार्यपद्धती. १९४६ च्या स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने सर्वसाधारण चौकट घालून दिली आहे, पण कुठली पद्धत लागू होईल हे मूळ कायदाच सांगतो. नकारात्मक पद्धतीत नियम आधी होतो; ४० दिवसांत एखाद्या सभागृहाने तो रद्द करायला सांगितले नाही तर टिकतो. सकारात्मक पद्धतीत बहुधा मसुद्याला आधी मंजुरी लागते. ऐकायला भारदस्त आहे, पण दोन्हींमध्ये संसदेला सहसा दुरुस्ती सुचवताच येत नाही. घ्या नाहीतर टाका. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, मसुदा बहुतेक वेळा एका छोट्या समितीकडे जातो आणि तिथे जास्तीत जास्त दीड तास चर्चा होते. एखादा एसआय कॉमन्सने शेवटचा रद्द केला तो १९७९ मध्ये, पॅराफिनच्या किमतींबद्दलचा. माझ्या मते संसदेची लगाम घालायची खरी वेळ अधिकार देणारे कलम मंजूर होतानाच असते, आणि नेमकी तेव्हा ती हात सैल सोडते.

तरी समित्यांचे अहवाल चाळाच. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती फक्त तांत्रिक बाजू तपासते: नियम अधिकारात बसतो का, भाषा संदिग्ध आहे का. धोरणाबद्दल बोलते ती लॉर्ड्सची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, दुय्यम विधिविधान छाननी समिती. नियमासोबतच्या मंत्र्यांच्या खुलाशात काय गाळले आहे, ते तिच्या अहवालात बरेचदा सापडते.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर २०२३ चा निदर्शनांविषयीचा नियम काढा. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्यानुसार ‘गंभीर व्यत्यय’ येणार असेल तर पोलीस मोर्चावर अटी घालू शकतात. ‘गंभीर’ म्हणजे काय, हे नियमाने ठरवण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्याने गृहमंत्र्यांना दिला. २०२३ च्या सुरुवातीला सरकारने विधेयकात ‘गंभीर’ ठरण्याची मर्यादा खाली आणून पाहिली; लॉर्ड्सनी ती दुरुस्ती पाडली. तेव्हा गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तेच एसआयच्या दाराने आणले: ‘किरकोळपेक्षा जास्त’ तो गंभीर. छाननी समितीने नाराजी नोंदवली, नियम हाणून पाडण्याचा प्रस्ताव लॉर्ड्समध्ये आला आणि हरला. जूनमध्ये नियम लागू. मे २०२४ मध्ये लिबर्टी या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. सत्तांतरानंतर मजूर सरकारने अपील पुढे रेटले (खुर्ची बदलली तरी अधिकाराचा मोह तोच), आणि मे २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही सांगितले की ‘गंभीर’ या शब्दाला इतके ताणता येत नाही.

म्हणजे दोन्ही सभागृहांतून पार झालेला एसआयही न्यायालय रद्द करू शकते. अधिनियमाच्या बाबतीत त्याला हे सहसा करता येत नाही. कामगार न्यायाधिकरणात दाद मागायला एकेका अर्जदाराला १,२०० पौंडांपर्यंत फी लावणारा २०१३ चा आदेशही संसदेने मंजूर केलेला होता. युनिसन या कामगार संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द केला. फी ठरवण्याच्या अधिकारात न्यायाचे दार बंद करण्याचा अधिकार येत नाही, असा त्याचा आधार. सरकारला घेतलेले पैसे परत करावे लागले.

नियमाला थेट आव्हान द्यायचे असेल तर न्यायिक पुनर्विलोकनाचा (नियम कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे, असा) अर्ज विनाविलंब, फार तर तीन महिन्यांत करावा लागतो. मात्र तोच नियम मोडल्याबद्दल तुमच्यावर खटला भरला गेला, तर नियमच अवैध आहे असा बचाव त्या खटल्यातही घेता येतो. रेल्वेत धूम्रपान केल्याच्या बॉडिंग्टन खटल्यात १९९८ मध्ये लॉर्ड्सनी, जे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करत, हे मान्य केले. बॉडिंग्टन स्वतः मात्र हरला. रेल्वेचा धूम्रपानबंदीचा नियम (उपविधी) वैधच निघाला.